वासमुस : बुशहरचा जर्मन कॉन्सल

ज्यांची मुलं-नातवंडं बहरीनला नोकरीला आहेत किंवा होती, त्यांना झिंज हे नाव ठाऊक असेल. मनामा शहराला दक्षिणेकडून लागून असलेली ही वस्ती. अमेरिकेची वकिलात इथेच आहे, त्यामुळे व्हिसाच्या कामाला गेलेल्यांना झिंजचा रस्ता चांगलाच पाठ. याच भागात अधारी नावाचा जुना झरा होता, आता तिथे बाग आणि मुलांचे पाळणे आहेत. या झऱ्यावरून बहरीनी लोकांत एक म्हण आहे. अधारीचं पाणी पाटांतून लांबच्या खजुरीच्या बागांना जायचं आणि शेजारची जमीन कोरडीच राहायची. तेव्हा जो माणूस घरच्यांना सोडून परक्यांच्या उपयोगी पडतो त्याला ते अधारी म्हणतात.

आज ज्या माणसाची हकीकत सांगायची आहे त्याचं काहीसं असंच झालं. त्याने आयुष्य घालवलं आखाताच्या काठी, आणि त्याच्या नावाशी जोडलेला सगळ्यात मोठा परिणाम घडला थेट अमेरिकेत. त्याचं नाव विल्हेल्म वासमुस. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना आखातात ज्याने सर्वांत जास्त सतावलं तो हा जर्मन कॉन्सल. पुढे इंग्रजांनीच त्याला जर्मन लॉरेन्स असं नाव दिलं.

जर्मन म्हटलं की आपल्या लोकांच्या मनात लगेच दुसरं महायुद्ध येतं, आणि ते साहजिकच आहे. पण ही गोष्ट त्याच्या आधीची, कैसरच्या जर्मनीची. हिटलर सत्तेवर आला १९३३ साली, त्याआधीच वासमुस वारला होता. तेव्हा तो हिशेब इथे आणू नये.

वासमुस जन्मला १८८० साली, जर्मनीत गोस्लार गावच्या बाजूच्या ओलेंडोर्फ नावाच्या खेड्यात. १९०६ साली तो परराष्ट्र खात्यात लागला. आधी मादागास्कर, मग १९०९ साली बुशहर. परत मादागास्कर, पुन्हा १९१३ ला बुशहर. बुशहर म्हणजे इराणच्या किनाऱ्यावरचं बंदर, बहरीनपासून समुद्र ओलांडून उत्तरेला सुमारे ३०० किलोमीटर. आपल्याकडचे जुने लोक बुशायर म्हणायचे.

या गावाचा मुंबईशी संबंध फार जुना. आखातावर देखरेख करणारा इंग्रजांचा रेसिडेंट बुशहरलाच राहायचा, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. बहरीनमधला पोलिटिकल एजंट या बुशहरच्या रेसिडेंटला जबाबदार असे. बी. आय. कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून कराची, मस्कत, बुशहर, बहरीन, बसरा अशा टपाल घेऊन जायच्या. बहरीनचे मोती विकायला मुंबईत यायचे. बहरीनच्या बाजारात रुपयाच चालायचा, तिथे दिनार आला तो १९६५ साली. तेव्हा वासमुसची गोष्ट परमुलखातली वाटली तरी ती मुंबईच्या अंगणातलीच आहे.

जर्मनांनी बुशहरला वकिलात उघडली १८९७ साली. तिथे जर्मन प्रजाजन किती? बोटांवर मोजण्याइतके. इंग्रजांना तेव्हाच शंका आली. त्याच वर्षी व्हॉंकहाउस नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने लिंगा बंदरात शिंपल्यांचा धंदा सुरू केला. मोत्यांच्या शिंपल्याचं कवच युरोपात गुंड्या आणि नक्षीकामासाठी जायचं. काही वर्षांतच त्याची पेढी बहरीनलाही निघाली. मग १९०६ पासून हॅम्बुर्गहून जर्मन आगबोटी आखातात यायला लागल्या. व्यापार खराच होता, पण व्यापाऱ्याच्या वहीत बंदरात कोणती बोट आली, कुठल्या शेखचं कुणाशी पटत नाही, हेही टिपलं जातं. आणि वही वकिलातीत दाखवायला कुणाची मनाई?

वासमुस मात्र वहीवर विसंबून राहणारा नव्हता. दुसरे गोरे अधिकारी बंदरातल्या बंगल्यांत बसायचे, हा घोडा घेऊन आतल्या मुलखात जायचा. तंगिस्तान, दश्ती, दश्तिस्तान या भागांतल्या खानांच्या घरी उतरायचा, त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून जेवायचा. फारसी तर शिकलाच, पण तिथल्या डोंगरी लोकांची बोलीसुद्धा. हे लोक म्हणजे बंदूक खांद्यावर घेऊनच जन्मलेले. तेहरानच्या शहाला ते नावापुरते मानायचे आणि बंदरात वावरणाऱ्या इंग्रजांवर त्यांचा राग होता, कारण त्यांचा बंदुकांचा चोरटा व्यापार इंग्रज आरमाराने बंद पाडत आणला होता. वासमुसने हे सगळं पाहून ठेवलं. त्या वेळी त्याच्या मनात लढाई असेल असं मला वाटत नाही. त्याला ती माणसं आवडली होती, एवढंच.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. बर्लिनमध्ये बेत शिजला तो असा : तुर्कस्तानच्या सुलतानाने जिहाद पुकारायचा, इराण आणि अफगाणिस्तानला उठवायचं आणि त्या वाटेने हिंदुस्थानच्या सरहद्दीवर धडक मारायची. म्हणजे इंग्रजांना युरोपातून फौज काढून हिंदुस्थानात पाठवावी लागेल. एक तुकडी काबूलला जायची होती आणि वासमुस सुरुवातीला त्याच तुकडीत होता. या मंडळींचं सामान तुर्कस्तानला कसं गेलं, त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. रुमानियातून जाताना पकडलं जाऊ नये म्हणून त्यावर सर्कशीचं सामान असं लिहिलं होतं. तारायंत्राचे खांब त्यात तंबूचे खांब म्हणून दाखवले होते. रुमानियाच्या जकातवाल्यांना ही सर्कस काही पटली नाही आणि सामान जप्त झालं.

तुकडीत आपसांत पटेना. बगदादला पोचल्यावर वासमुस त्यांच्यातून बाहेर पडला. काबूलला जाणारे गेले. त्यांच्याबरोबर राजा महेंद्रप्रताप आणि मौलवी बरकतुल्ला होते, आणि १ डिसेंबर १९१५ ला त्यांनी काबूलमध्ये हिंदुस्थानचं हंगामी सरकार जाहीर केलं. वासमुस निघाला दक्षिणेला, आपल्या ओळखीच्या लोकांकडे.

त्याआधीच बहरीनच्या पाण्यात मराठी शिपाई येऊन गेले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून सहाव्या पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड जहाजांतून निघाली. कुठे जायचंय ते शिपायांना सांगितलं नव्हतं. २३ तारखेला जहाजं बहरीनसमोर नांगरून उभी राहिली. त्यांत ११७वी मराठा पलटण होती. तुर्कस्तान युद्धात उतरतो की नाही याची वाट बघत ही माणसं आठवडाभर त्या उकाड्यात जहाजांवर अडकून होती. बहरीनचे शेख ईसा बिन अली यांना हे पाहुणे फारसे आवडले नसणार, पण करतात काय? मग महिनाअखेरीला हुकूम आला, जहाजं शत-अल-अरबकडे वळली, ६ नोव्हेंबरला फाव इथे फौज उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडलं. व्हॉंकहाउस पेढीचा बहरीनमधला माणूसही याच दिवसांत इंग्रजांनी धरला. नांगरलेल्या जहाजांकडे बघत बसलेला जर्मन व्यापारी त्यांना परवडणारा नव्हताच.

हीच पूना डिव्हिजन पुढे कूतच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती गेली. त्यांत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. बंदीवासातून कितीतरी परतलेच नाहीत. त्या काळी लष्करी इस्पितळं, पोस्ट, रेल्वे, तारखातं यांत आपल्या समाजाची माणसं होतीच, आणि जुन्या घरांतून बसरा हा शब्द पुष्कळांनी लहानपणी ऐकला असेल.

आता वासमुसकडे वळू. १९१५ च्या सुरुवातीला तो दक्षिण इराणात शिरला. इराण या युद्धात तटस्थ होता. तटस्थ देशात परक्या देशाचा कॉन्सल म्हणजे पवित्र प्राणी. त्याची वकिलात, त्याचं सीलबंद टपाल, त्याची सांकेतिक तार, यांना कुणी हात लावायचा नाही असा रिवाज. जर्मनांचा सगळा बेत या रिवाजावर उभा होता. इस्फहान, शिराझ, केरमान, जिथे जिथे जर्मन कॉन्सल, तिथे बंदुका, सोनं, छापील पत्रकं आणि माणसं जमवायची. बाहेरून पाटी मात्र वकिलातीची. आणि इंग्रज काही वेगळं करत होते असं समजू नका. त्यांच्या वकिलातींतूनही पैसा टोळीवाल्यांच्या हातात जातच होता, आणि त्यांच्याजवळ तो जास्त होता. वासमुसजवळ पैसा कमी आणि शब्द जास्त, एवढाच फरक.

वाटेत, १९१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, बेहबहानच्या पुढे त्याचा घात झाला. हैदर खान नावाच्या एका खानाने त्याला आणि त्याच्या साथीदारांना पकडलं आणि इंग्रजांना निरोप धाडला. इंग्रज येऊन पोचायच्या आत वासमुस पळाला. कसा पळाला त्याची कथा अशी सांगतात, की त्याने पहारेकऱ्यांना पटवून दिलं की त्याचा घोडा आजारी आहे आणि रात्रीत पुन्हापुन्हा जाऊन बघावं लागेल. पहिल्यांदा पहारेकरी बरोबर गेले. दुसऱ्यांदा गेले. मग कंटाळले आणि झोपले. खरीखोटी कथा कशीही असो, सकाळी घोडाही नव्हता आणि वासमुसही नव्हता. त्याचं सामान मात्र मागे राहिलं आणि ते इंग्रजांच्या हाती पडलं.

त्याच सुमारास, ९ मार्च १९१५ ला, इंग्रजांनी बुशहरच्या जर्मन वकिलातीवर छापा घातला आणि तिथला कॉन्सल लिस्टेमान याला पकडून हिंदुस्थानात नेलं. तटस्थ देशात, दुसऱ्याच्या वकिलातीत शिरून हे केलं. इराण सरकारने आरडाओरडा केला, इंग्रजांनी ऐकल्यासारखं केलं. कागद सापडले ते लिस्टेमानच्या आतल्या लांब विजारींत गुंडाळून ठेवलेले होते असंही सांगतात. त्या कागदांतून जर्मनांचा बेत उघडा पडला.

सामान गेल्याचं वासमुसने फारच मनाला लावून घेतलं. शिराझला पोचून त्याने गव्हर्नरकडे तक्रार केली, आपलं सामान परत मिळावं म्हणून तगादा लावला. इथेच ती प्रसिद्ध गोष्ट सुरू होते. लंडनमध्ये इंग्रज आरमाराच्या हेरखात्याचा प्रमुख रेजिनाल्ड हॉल याच्या कानावर हे गेलं. एका गठुड्यासाठी माणूस एवढा का तडफडतो, असा प्रश्न त्याला पडला. त्याने शोध घ्यायला लावला, तर ते गठुडं लंडनला इंडिया ऑफिसच्या तळघरात कुणी न उघडताच पडून होतं, आणि त्यात जर्मनांच्या राजनैतिक तारांचं कोड-पुस्तक मिळालं. बार्बरा टकमन या अमेरिकन लेखिकेने १९५८ च्या आपल्या पुस्तकात ही हकीकत सांगितली आणि ती जगभर पसरली.

नंतरच्या अभ्यासकांना ती इतकी साधी वाटत नाही. काहींच्या मते पुस्तक बुशहरच्या वकिलातीतल्या कागदांत असावं, तर काही म्हणतात की लंडनच्या तज्ज्ञांनी तारा जमवून, शब्दाला शब्द लावत, ते कोड बरंचसं स्वतःच उभं केलं. मला दुसऱ्या म्हणण्यात जास्त दम वाटतो, कारण कोड कधी एका रात्रीत हाती येत नाही. पण बुशहरच्या बाजूने लंडनला काहीच मिळालं नाही, असंही कुणी म्हणत नाही.

कोड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक जाडजूड पुस्तक. त्यात प्रत्येक शब्दासमोर एक आकडा. तार पाठवणारा शब्दांऐवजी आकडे पाठवणार, घेणाऱ्याजवळ तेच पुस्तक असेल तर तो आकड्यांचे शब्द करणार. पुस्तक शत्रूच्या हाती गेलं की खेळ संपला. पण आपलं पुस्तक गेलंय हे कळलं तर माणूस नवं पुस्तक छापतो. म्हणून चोराची खरी हुशारी चोरी लपवण्यात असते. जर्मनांच्या या पुस्तकाचा क्रमांक होता १३०४०, आणि ते बदलण्याची बर्लिनला घाई वाटली नाही.

दोन वर्षं गेली. १६ जानेवारी १९१७ ला जर्मनीचा परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमान याने वॉशिंग्टनमधल्या आपल्या राजदूतामार्फत मेक्सिकोला एक गुप्त तार धाडली. अमेरिका युद्धात उतरलीच तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने यावं, म्हणजे टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना हे त्याचे गेलेले प्रांत त्याला परत मिळवून देऊ, असा तिचा मतलब. आता ही तार गेली कुठून? इंग्रजांनी युद्धाच्या सुरुवातीलाच जर्मनांच्या समुद्राखालच्या तारा कापल्या होत्या. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, तहाची बोलणी सोपी व्हावीत म्हणून, जर्मनांना अमेरिकेच्या वकिलातीच्या तारेवरून निरोप पाठवायची सवलत दिली होती. म्हणजे अमेरिकेविरुद्धचा कट अमेरिकेच्याच तारेवरून, कोपनहेगन आणि लंडनमार्गे, अमेरिकेला गेला! आणि लंडनमध्ये इंग्रज ती तार वाचत बसले होते.

वॉशिंग्टनहून मेक्सिकोला ती पुढे गेली ती जुन्या १३०४० कोडात, कारण मेक्सिकोच्या वकिलातीत नवं पुस्तक नव्हतं. हॉलने मेक्सिकोच्या तारघरातून तिची नक्कल मिळवली. त्यामुळे इंग्रजांना दोन फायदे झाले : मजकूर पूर्ण लागला, आणि आपण अमेरिकेचीच तार चोरून वाचतो हे झाकता आलं. १ मार्च १९१७ ला ती अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत झळकली. पुष्कळ अमेरिकनांना ती इंग्रजांची बनवाबनवी वाटली, पण दोनच दिवसांनी झिमरमानने स्वतः कबूल केलं की तार आपलीच. ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. तिने उतरायचं दुसरंही कारण होतं, जर्मन पाणबुड्या तिची जहाजं बुडवत होत्या. पण लोकांचं मन फिरवलं ते या तारेने.

इकडे वासमुसला यातलं काय ठाऊक असणार? तो तंगिस्तानच्या डोंगरात होता आणि आपल्या परीने युद्ध चालवत होता.

त्याने तीन-चार खान एकत्र आणले. अहरमचा झाइर खिझर, चाहकूताहचा शेख हुसेन, बोराजजानचा गझनफर-अस-सल्तनेह, आणि दिलवारचा तरुण रईस अली. १२ जुलै १९१५ ला या लोकांनी बुशहरवर हल्ला केला, त्यात दोन इंग्रज अधिकारी मेले. त्यांतला मेजर ऑलिफंट ९६व्या बेरार इन्फन्ट्रीचा. बघा, आपल्या वऱ्हाडाचं नाव लावणारी पलटण कुठे जाऊन लढत होती! ८ ऑगस्टला इंग्रजांनी बुशहर ताब्यात घेतलं आणि १६ ऑक्टोबरपर्यंत ठेवलं. त्या दोन महिन्यांत इराणच्या टपाल तिकिटांवर इंग्रजांच्या ताब्याचा शिक्का मारून ती विकली गेली. तिकिटं जमवणाऱ्यांना ती माहीत असतील, आज चांगली महाग आहेत, आणि नकली पण पुष्कळ. सप्टेंबरच्या सुरुवातीला रईस अली मारला गेला. इराणमध्ये आज तो राष्ट्रवीर आहे, दिलवारच्या त्याच्या घराचं संग्रहालय केलंय, आणि तंगिस्तानच्या वीरांवर तिकडे टेलिव्हिजनची मालिकाही निघाली. तिकडचा इतिहास सांगणारे वासमुसला दुय्यम धरतात, आणि त्यांचं चुकतं असं नाही. गाव त्यांचं, बंदूक त्यांची, मेलेली माणसंही त्यांचीच.

नोव्हेंबरात शिराझमध्ये इराणी जांदार्मांनी इंग्रज कॉन्सल ओ'कॉनर आणि तिथल्या सगळ्या इंग्रजांना धरलं. बायकांना बुशहरला पोचवलं आणि पुरुषांना अहरमच्या गढीत ठेवलं. ते १९१६ च्या ऑगस्टमध्ये, कैद्यांची अदलाबदल होऊन सुटले.

याच सुमारास दक्षिण इराणात जर्मन मोहिमेबरोबर आपला एक मराठी माणूसही होता : वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले, गदर पक्षातले. बर्लिनच्या हिंदी समितीच्या बेतानुसार ते कॉन्स्टँटिनोपलहून बगदादमार्गे इराणात आले. हिंदुस्थानच्या सरहद्दीपर्यंत पोचायचं आणि हिंदी शिपायांना फोडायचं, हा उद्देश. विचार करा, समोरच्या फळीत इंग्रजांच्या वतीने बेरार इन्फन्ट्री, आणि या बाजूला वर्ध्याचा माणूस. त्यांच्याबरोबरच्या कित्येकांचा तिकडेच अंत झाला. सूफी अंबाप्रसाद शिराझलाच वारले. खानखोजे निसटले, टोळ्यांत राहिले, आणि १९२४ साली गेले कुठे तर मेक्सिकोला! ज्या देशाच्या नावाने ती तार गेली होती तिथेच. चापिंगोच्या शेतकी शाळेत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या जातींवर त्यांनी काम केलं, आणि दिएगो रिव्हेरा या नामांकित चित्रकाराने एका भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना रंगवलं. १९६७ साली ते नागपूरला वारले. त्यांच्यावर मराठीत वाचायला मिळतं, जरूर वाचा.

वासमुसकडे १९१६ नंतर पैसा संपत चालला. तुर्कस्तानातून येणारी वाट बंद झाली, सर पर्सी साइक्स यांनी इराणी शिपाई भरती करून साऊथ पर्शिया रायफल्स उभी केली, आणि जे खान उरले त्यांना इंग्रज सोनं देत होते. तरी वासमुसला कुणी पकडून दिलं नाही. त्याच्या डोक्यावर इंग्रजांनी बक्षीस लावलं होतं, आणि ज्या गरीब मुलखात एका बंदुकीसाठी खून पडायचे तिथे त्याला चार वर्षं कुणी विकलं नाही. हे मला त्याच्या सगळ्या हकीकतीत मोठं वाटतं.

पण त्याच लोकांशी तो खोटंही बोलला, तेही सांगितलं पाहिजे. सांगतात की तो एक खांब रोवायचा, त्यावर तारा लावायचा आणि बिनतारी यंत्रावरून खुद्द कैसरशी बोलतोय असं दाखवायचा. कैसर मुसलमान झाला, हाजी झाला, अशाही गोष्टी जर्मनांच्या माणसांनी पिकवल्या. आणि मुख्य म्हणजे वचनं : लढाई जिंकली की जर्मन सरकार तुम्हाला सगळं भरून देईल, बंदुका, धान्य, घरं. खान आपल्या गाठचं खर्च करत होते ते या शब्दावर.

१९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनी हरली. बुशहरहून इंग्रजांची फौज आत घुसत होती, बोराजजानपर्यंत छोटी रेल्वेच टाकत चालली होती. वासमुस वेश बदलून उत्तरेला निघाला, कुमच्या बाजूला सापडला, आणि १९२० मध्ये जर्मनीला परतला.

एरवी अशा माणसाची गोष्ट इथे संपते. पेन्शन घ्यायची, आठवणी लिहायच्या, चहाच्या टेबलावर सांगायच्या. वासमुसने यातलं काही केलं नाही. बर्लिनला परराष्ट्र खात्यात जाऊन तो एकच धोशा लावून बसला : तंगिस्तानच्या लोकांचं देणं द्या. जर्मनीत तेव्हा पावाच्या लादीला टोपलीभर नोटा मोजाव्या लागत होत्या. साहेब लोकांनी त्याला समजावलं असेल की युद्ध हरलं, सरकार बदललं, कैसर पळून गेला, आता कसलं देणं? पण त्याचं म्हणणं, शब्द कैसरने दिला नव्हता, मी दिला होता.

अखेर थोडा पैसा मिळाला. सगळ्यांचं देणं फिटेल एवढा नव्हता. तेव्हा त्याने बेत केला की या पैशातून जमीन घ्यायची, यंत्रं आणून नव्या पद्धतीने शेती करायची, आणि पिकाच्या नफ्यातून वर्षावर्षाला एकेका खानाचं फेडायचं. १९२४ च्या अखेरीस तो बायकोला घेऊन परत बुशहरला आला आणि जवळच चाहगदक इथे त्याने जमीन धरली.

ज्यांनी कोकणात किंवा घाटावर परगावी जमीन घेऊन शेती करून पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पाऊस बेभरवशाचा, जमीन खारट, यंत्र मोडलं तर दुरुस्तीला माणूस नाही. आणि जे खान त्याच्यासाठी लढले त्यांना नफ्याची वाट बघायची नव्हती. त्यांच्या लेखी हा जर्मन सरकारचा माणूस, मोठी जमीन घेऊन बसलाय, म्हणजे पैसा आलाय आणि हा दाबून ठेवतोय. त्यांतले काही तर शेजारचेच जमीनमालक, त्यांना त्याच्या जमिनीवर डोळा. बुशहरच्या कोर्टात खटले सुरू झाले. ज्यांनी बक्षिसाच्या लोभाने त्याला विकला नाही, त्यांतलेच त्याच्यावर फिर्यादी झाले. मला त्या खानांनाही दोष देववत नाही. ज्याच्या गावावर तोफा चालल्या, ज्याचे पुतणे-भाऊ गेले, त्याला पुढच्या वर्षीच्या गव्हाची आशा दाखवून किती दिवस थोपवणार?

सहा वर्षं त्याने ओढली. खटले तो हरत गेला, शेती बुडाली. एप्रिल १९३१ मध्ये नवरा-बायको जर्मनीला परतले, हाती काही नव्हतं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला वासमुस बर्लिनमध्ये वारला. वय ५१.

पाच वर्षांनी, १९३६ साली, क्रिस्टोफर साइक्स या इंग्रजाने त्याचं चरित्र लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात तबरीझचा जर्मन उपकॉन्सल शुल्झे-होल्टुस काश्काई टोळ्यांत जाऊन राहिला तेव्हा पुन्हा लोकांना वासमुस आठवला, पण त्या खेळात काही राम नव्हता, काश्काईंनीच शेवटी त्याला इंग्रजांच्या स्वाधीन केलं. बुशहरची इंग्रज रेसिडेन्सी १९४६ मध्ये उठून बहरीनला गेली, मनामाच्या पूर्वेला जुफैरमध्ये. पुढे त्याच जुफैरला अमेरिकेच्या आरमाराचा तळ आला आणि झिंजला तिची वकिलात. बहरीनच्या थोड्या यहुदी कुटुंबांतल्या, मुळात इराकहून आलेल्या घराण्यातल्या हुदा नूनू या बाईंना बहरीनने २००८ साली वॉशिंग्टनला आपली राजदूत म्हणून धाडलं, हे आपल्या वाचकांना आठवत असेलच.

चाहगदकच्या जमिनीवरून वासमुसच्या मागेही खानांचं देणं फिटलं नाही ते नाहीच.